पिस्तुलाची काडतुसं घरी भरताना: पहिल्या पन्नासांपर्यंत

माझी पहिली पन्नास काडतुसं भरायला मला एक अख्खी दुपार लागली. जुने नेमबाज हसले होते. "अर्ध्या तासाचं काम आहे हे!" आता मलाही अर्ध्या-पाऊण तासात जमतं, पण टेबलावर घड्याळ ठेवायचं नाही हा नियम त्या दुपारपासून आजतागायत टिकला आहे. या कामात हात कमी चुकतात, लक्ष जास्त चुकतं. आणि घड्याळ समोर आलं की लक्षाचा एक वाटा आपोआप तिकडे जातो.

काडतूस उडालं की त्यातली दारू जळून जाते, गोळी निघून जाते, टोपी वाया जाते. उरते ती पितळी पुंगळी. काडतुसातला बहुधा सगळ्यात महाग भाग हाच, आणि तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. पुन्हा भरण्याचा सगळा उद्योग या एका गोष्टीवर उभा आहे. पैसे वाचतील म्हणून बरेच जण याकडे वळतात. प्रत्यक्षात पैसे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशांत गोळ्या जास्त झाडल्या जातात. खरा फायदा वेगळाच आहे: आपल्या हत्याराला मानवणारं, सरावाला हलकं आणि दर वेळी सारखंच वागणारं काडतूस आपल्याला बनवता येतं.

त्याआधी कायदा. काही देशांत हा उघड, रीतसर छंद आहे. काही ठिकाणी पावडर आणि प्रायमर विकत घ्यायलाच परवाना लागतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, बंदुकीचा परवाना असला म्हणजे ही मुभा आपोआप मिळते असं समजू नका. तुम्ही राहता तिथे हे काम वैध आहे का आणि पावडर किती साठवता येते, याची खात्री झाल्यावरच पुढे वाचण्याला अर्थ आहे.

शब्द नीट वेगळे करू

बोलताना आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो. या टेबलावर तसं चालत नाही. इथे चार वेगळ्या वस्तू आहेत. पुंगळी म्हणजे पितळेचं कवच. प्रायमर म्हणजे तिच्या बुडात बसणारी छोटी टोपी, जिच्यावर घोड्याचा किंवा पिनचा आघात होऊन ठिणगी पडते. पावडर म्हणजे धूररहित दारू. आणि बुलेट म्हणजे फक्त पुढचं टोक, जे नळीतून बाहेर जातं. चारही एकत्र आले की ते काडतूस. पुस्तकात 'बुलेट १२४ ग्रेन' लिहिलेलं असतं आणि पावडरही ग्रेनमध्येच असते, त्यामुळे नवख्याची गल्लत होते. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. ९ एमएमची १२४ ग्रेनची बुलेट साधारण ८ ग्रॅम भरते, तर तिच्यामागची पावडर बहुतेक वेळा अर्ध्या ग्रॅमच्याही आत असते. एवढ्याशा चिमटीवर सगळा खेळ आहे, हे डोक्यात पक्कं बसलं की तराजूकडे बघण्याची नजर बदलते.

कोणत्या काडतुसापासून सुरुवात?

जे तुम्ही सर्वात जास्त झाडता, तेच घ्या. मॅग्नम, म्हणजे जास्त दाबाची जोरकस काडतुसं, मात्र पहिल्यांदा नकोत. नवशिक्यांपुढे बहुतेक वेळा .३८ स्पेशल आणि ९ एमएम असे दोनच पर्याय असतात, आणि दोघांचे स्वभाव अगदी उलटे आहेत.

.३८ स्पेशल हे १८९८ सालचं काडतूस. तेव्हा काळी दारू वापरली जायची आणि तिला जागा पुष्कळ लागायची, म्हणून पुंगळी लांब. आजची पावडर त्या पुंगळीच्या तळाशी थोडीशीच दिसते. दाब कमी, पुंगळी सरळ भिंतीची, रिव्हॉल्वरमधून झाडल्यावर इकडेतिकडे उडून हरवत नाही. शिकायला मायाळू. पण तिच्या याच मोकळ्या पोटात चुकून दुप्पट पावडर गेली तरी ती बाहेर सांडत नाही, मुकाट्याने बसून राहते. म्हणून .३८ भरणाऱ्याला माझा पहिला सल्ला असा की फुगीर पावडर निवडा, म्हणजे एका मापात पुंगळी अर्ध्याहून जास्त भरली पाहिजे. मग दुसरं माप पडलं तर ते काठावरून ओसंडेल आणि चूक स्वतःच ओरडेल.

९ एमएमची पुंगळी छोटी, जेमतेम १९.१५ मिलिमीटर लांब आणि किंचित निमुळती. 'सामी' या अमेरिकी दारूगोळा उत्पादकांच्या संस्थेच्या मानकानुसार तिचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आहे, तर .३८ स्पेशलचा १७,०००. जागा कमी असल्यामुळे बुलेट जरा खोल बसली तरी आतला दाब झपाट्याने चढतो. .४५ एसीपी या दोघांच्या मधलं, २१,००० पीएसआयचं. मोठी पुंगळी बोटांना धरायला सोयीची, पण तिच्यात एक खोच आहे, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

काय काय लागेल

सगळ्यात आधी पुस्तक. प्रेस, म्हणजे दांडी ओढून पुंगळ्यांवर काम करायचं यंत्र, नंतर. पावडर किंवा बुलेट बनवणाऱ्या कंपन्यांची लोडिंग मॅन्युअल असतात, त्यांतलं ताजं एक आणि शक्य असल्यास दुसऱ्या कंपनीचं एक घ्या. दोन पुस्तकांतले आकडे थोडे वेगळे दिसले तर घाबरू नका. त्यांनी वेगळी नळी, वेगळी पुंगळी, वेगळा प्रायमर वापरलेला असतो. कमी आकड्यापासून सुरुवात करायची, इतकंच. ओळखीच्या माणसाने "मी तर इतकी घालतो" म्हणून सांगितलेला आकडा कितीही जवळच्याचा असला तरी पुस्तकात पडताळल्याशिवाय वापरायचा नाही. या लेखातही मी पावडरचा एकही आकडा मुद्दाम देत नाही.

प्रेस घ्या ती एका डायची, म्हणजे सिंगल स्टेज. डाय म्हणजे प्रेसमध्ये लावायचा साचा, पुंगळीवरचं ठरावीक काम करणारा. प्रत्येक वेळी दांडी ओढली की एकच काम होतं. पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांवर एक काम करायचं, मग डाय बदलायची, मग पुढचं काम. टरेट प्रेसमध्ये डाय फिरत्या डोक्यावर लावलेल्या असतात. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये दांडीच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं आणि एकाच वेळी चार-पाच ठिकाणी चार-पाच गोष्टी घडत असतात. नवख्याचे डोळे तेवढ्या जागी एकदम पुरत नाहीत. सिंगल स्टेज पुढे कधी अडगळीत जात नाही, प्रोग्रेसिव्ह घेतल्यावरही ती कोपऱ्यात कामाला येतच राहते.

डायचा संच तीनचा घ्या आणि आकार देणारी डाय कार्बाइडची असू द्या. तिच्या तोंडाशी टंगस्टन कार्बाइडचं कडं असतं, त्यामुळे सरळ भिंतीच्या पुंगळ्यांना वंगण लावावं लागत नाही. पोलादी डायला लागतं, आणि ते नंतर पुसत बसावं लागतं. त्याखेरीज तुमच्या काडतुसाच्या मापाचा शेलहोल्डर (प्रेसमध्ये पुंगळी बुडाशी धरून ठेवणारा तुकडा), व्हर्नियर कॅलिपर, पावडर मापक, पन्नास भोकांचा लोडिंग ब्लॉक, प्रायमर बसवायचं हत्यार आणि चुकलेली काडतुसं उकलायचा हातोड्यासारखा पुलर. शेवटचं लोक टाळतात, "माझं चुकणार नाही" म्हणून. चुकतं.

तराजूवर काटकसर करू नका. काट्याचा असो की डिजिटल, त्याच्यासोबत प्रमाणित वजनं हवीत. डिजिटल तराजू सुरू केल्यावर थोडा वेळ तसाच राहू द्यावा, पंख्याच्या झोतात ठेवू नये, आणि मोबाइल त्याच्याजवळ ठेवू नये. मोबाइल तसाही त्या खोलीत नको. सुरक्षा चष्मा मात्र पहिल्या प्रायमरपासून शेवटच्या काडतुसापर्यंत डोळ्यांवर.

टेबल

भक्कम, डुगडुगत नसलेलं, त्यावर चांगला उजेड. आग, विडी-सिगारेट, चहाचा कप, यांतलं काही नाही. आणि एक नियम असा की त्याला अपवादच नाही: टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. मापकात कोणती पावडर आहे हे आठवायचा प्रसंगच यायला नको, समोर डबा दिसला पाहिजे. काम संपलं की मापकातली पावडर त्याच डब्यात परत. कोणती ते खात्रीने सांगता येत नसेल तर ती टाकून द्यायची. दोन प्रकारच्या पावडरी नुसत्या बघून ओळखता येतात असं मानणाऱ्याने या कामात पडू नये.

प्रायमर त्यांच्या मूळ खोक्यातच ठेवा. एकेकाची जागा वेगळी असलेलं ते पॅकिंग उगाच नसतं. काचेच्या बरणीत सुटे ओतून ठेवले आणि एक उडाला, तर बरणीतले सगळे उडतात.

पुंगळ्या

रेंजवरून गोळा केलेल्या पुंगळ्या बुडावरच्या शिक्क्यानुसार वेगळ्या करा. हे कंटाळवाणं काम आहे, पण इथेच अर्ध्या अडचणी गळून पडतात. ९ एमएमच्या ढिगात .३८० एसीपीची पुंगळी हमखास मिसळलेली सापडते. दिसायला तीच, पण दोन मिलिमीटर आखूड. अ‍ॅल्युमिनियमच्या आणि लोखंडी पुंगळ्या बाजूला काढा, लोखंडी चुंबकाने लगेच कळतात. .४५ एसीपीची खोच ही: काही पुंगळ्यांत मोठा प्रायमर बसतो, काहींत छोटा. न बघता ढिगात घेतल्या तर मोठा प्रायमर छोट्या खळग्यावर आपटतो आणि काळजाचा ठोका चुकतो.

आत डोकावून बघा. बुडाच्या मधोमध एकच भोक असेल तर ती बॉक्सर पद्धतीची, आपल्या कामाची. दोन बारीक भोकं बाजूबाजूला असतील तर बर्डन. ती सोडून द्या, जुना प्रायमर काढणारी पिन तिथे मोडते. गंमत अशी की बॉक्सर हा इंग्रज आणि बर्डन अमेरिकी, पण अमेरिकेत बॉक्सरची पद्धत रुजली आणि युरोपात बर्डनची. लष्करी पुंगळ्यांत प्रायमरभोवती पितळ दाबून बसवलेलं असतं. तो काठ साफ केल्याशिवाय नवा प्रायमर नीट जात नाही, म्हणून पहिल्या खेपेला त्याही नकोत.

तडा गेलेली पुंगळी नजरेतून निसटते, पण कानातून निसटत नाही. मूठभर पुंगळ्या हातात खुळखुळवा. चिरलेली असेल तर तिचा आवाज बद्द येतो, फुटक्या मडक्यासारखा.

धुण्यासाठी कंपनाचा टम्बलर आणि त्यात मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या टरफलाचा भुसा, किंवा मग पाण्यातला टम्बलर आणि पोलादी पिना. पुंगळी आरशासारखी चमकायला हवी असं काही नाही. कचरा डायमध्ये जाऊ नये, एवढंच. कोरड्या भुशाची धूळ मात्र गंभीरपणे घ्या. प्रायमरच्या जळक्या अवशेषांत शिसं असतं आणि ते या धुळीत उतरतं. भुसा घराबाहेर चाळा, मुलांना जवळ येऊ देऊ नका, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाकडे नेऊ नका. पाण्यात धुतलेल्या पुंगळ्या पूर्ण वाळल्याशिवाय पुढे जायचं नाही. आत एक थेंब राहिला तरी तो पावडरला भिजवतो.

आकार, तोंड, प्रायमर

झाडल्यावर पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे हत्यारात काडतूस बसतं त्या जागेच्या, मापाची झालेली असते. पहिली डाय तिला परत मूळ मापावर आणते आणि त्याच ओढीत जुना प्रायमर खाली पाडते. कार्बाइडची डाय शेलहोल्डरवर दाणकन टेकू देऊ नका, कडं ठिसूळ असतं. दोघांत कागदाइतकी फट राहील अशी बसवा. दांडीचा जोर हाताला लक्षात ठेवायला सांगा. एखादी पुंगळी अचानक जड किंवा अचानक सैल गेली तर थांबून ती काढून बघा. मला अर्धे .३८० याच तऱ्हेने सापडले.

दुसरी डाय पुंगळीचं तोंड जरासं उमलवते, म्हणजे बुलेट न खरवडता आत जाईल. बुलेट हाताने ठेवली तर उभी राहावी, इतकंच. कर्ण्यासारखं तोंड पसरलं की पितळ थकतं आणि दोन-तीन खेपांत काठावर चिरतं.

मग प्रायमर. पिस्तुलाचे प्रायमर दोन मापांचे: लहान ०.१७५ इंचाचा, मोठा ०.२१० इंचाचा. पुस्तकात सांगितलेलाच प्रकार घ्या. साध्याच्या जागी मॅग्नम किंवा पिस्तुलाच्या जागी रायफलचा असली अदलाबदल केली तर दाब बदलतो. प्रायमर सरळ, शांत जोराने, तळाला टेकेपर्यंत बसवायचा. बसल्यावर त्याचा माथा पुंगळीच्या बुडापेक्षा केसभर खाली हवा. प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवा. उंचवटा लागला तर तो प्रायमर नीट बसलेला नाही. रिव्हॉल्वरमध्ये त्याने सिलिंडर अडतो, पिस्तुलात पहिला आघात त्याला फक्त खाली बसवतो आणि गोळी सुटत नाही. वाईटात वाईट म्हणजे स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) बंद होतानाच तो फुटू शकतो. अडकला तर जोर लावू नका.

पावडर

इथे सावकाश. खरं तर इथे आणखी सावकाश.

पुस्तकात तुमच्या काडतुसाचं पान काढा, त्यात तुमच्या बुलेटचं वजन आणि प्रकार शोधा. धातूचं कवच असलेली, मुलामा दिलेली आणि निव्वळ शिशाची, तिन्हींचे आकडे वेगळे असतात, वजन एकच असलं तरी. मग पावडरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. एकाच कंपनीच्या दोन पावडरींच्या नावात एका आकड्याचा फरक असतो आणि जळण्याच्या वेगात जमीन-अस्मानाचा. तुम्हाला दोन आकडे दिसतील, सुरुवातीचा आणि कमाल. पहिली पन्नास सुरुवातीच्या आकड्यावर. फक्त कमाल आकडाच दिलेला असेल तर त्याच्या १० टक्के खालून निघायचं. तेवढ्याने स्लाइड पूर्ण मागे जात नसेल असं होऊ शकतं, मग पुढच्या खेपेला ०.१ किंवा ०.२ ग्रेनने वर सरकायचं, प्रत्येक पायरीची पाच-पाच काडतुसं. कमाल आकडा हे गाठायचं ठिकाण नव्हे. माझी सगळ्यात नेमकी जमलेली काडतुसं मधल्या आकड्यांवरची आहेत.

तराजू शून्यावर आणा, प्रमाणित वजन ठेवून तपासा. मग मापक भरा. मापक वजन करत नाही, आकारमान मोजतं, त्यामुळे तुमच्या हाताची लय सारखी असेल तरच त्याचं माप सारखं. बारीक गोल दाण्यांची पावडर पाण्यासारखी ओघळते आणि माप नेमकं पडतं. पापुद्र्यासारखी पावडर अडखळते. पहिली दहा मापं परत डब्यात टाका, ती हाताला लय लागण्यासाठी. पुढची दहा एकत्र तोला आणि दहाने भागा, सरासरी कळेल. मग एकेक तोलून चढउतार बघा. पहिल्या पन्नासांचं प्रत्येक माप तोला, लाजू नका.

आता पद्धत. एका वेळी पंचवीस रिकाम्या, प्रायमर बसवलेल्या पुंगळ्या लोडिंग ब्लॉकच्या डाव्या अर्ध्यात तोंड खाली करून ठेवा. एक उचला, सुलटी करा, पावडर घाला, उजव्या अर्ध्यात तोंड वर करून ठेवा. म्हणजे उलटी पुंगळी रिकामी आणि सुलटी पुंगळी भरलेली, याला तिसरी शक्यता नाही. पंचवीस झाल्या की टॉर्च घ्या आणि एकेकीच्या आत डोकावा. आकडा बघायचा नाही, पातळी बघायची. शेजारणींपेक्षा उंच किंवा खोल दिसली तर ती पुंगळी रिकामी करून पुन्हा भरायची. मध्येच कोणी हाक मारली, दार वाजलं, तर हातातली पुंगळी रिकामी करूनच उठायचं.

हे मी इतकं ताणून का सांगतोय? एकदा मी ते केलं नाही. फोन वाजला, बोलून आलो, आणि "इथपर्यंत झालंय" असं समजून पुढे निघालो. टॉर्च लावली, पण घाईत वरवर. दोन दिवसांनी रेंजवर रिव्हॉल्वरमधून 'धाड'ऐवजी नुसतं 'फट' झालं. हात झटका खाईना. मी चाप पुन्हा दाबणार इतक्यात शेजारच्या लेनमधले गृहस्थ ओरडले, "थांबा!" सिलिंडर उघडून नळीत काडी घातली तर ती अर्ध्यावरच अडली. एका पुंगळीत पावडरच नव्हती. एकट्या प्रायमरच्या जोरावर बुलेट नळीत काही सेंटिमीटर सरकून रुतली होती. पुढची गोळी मागून येऊन तिच्यावर आदळली असती तर नळी फुगली किंवा फाटली असती. दुप्पट पावडर आणि शून्य पावडर, या कामातले दोन्ही मोठे अपघात या एका ठिकाणी, पुंगळी आणि बुलेट यांच्या मधल्या काही सेकंदांत जन्मतात.

बुलेट बसवणं आणि क्रिम्प

तिसरी डाय दोन कामं करते, बुलेट आत ढकलते आणि उमललेलं तोंड परत मिटवते, हाच क्रिम्प. दोन्ही एकाच ओढीत करता येतात, पण शिकताना वेगळी करा. आधी पन्नास बुलेटी बसवा, मग डाय पुन्हा लावून पन्नासांचं तोंड मिटवा.

बुलेट किती खोल, याचं माप पुस्तकात पूर्ण काडतुसाच्या लांबीने दिलेलं असतं. ९ एमएममध्ये ती २९.६९ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, नाहीतर मॅगझिनमध्ये बसत नाही. पण पुस्तकातली लांबी त्यांच्या बुलेटच्या आकाराची असते. टोक बोथट की लांबुळकं यावर तुमची बदलेल. पुस्तकाच्या लांबीपेक्षा आखूड मात्र करू नका, दाब वाढतो तो तिथे.

एक नमुना काडतूस बनवा, पावडर आणि प्रायमर न घालता. पिस्तूल पूर्ण रिकामं आहे हे दोनदा बघून त्याची नळी बाहेर काढा आणि चेंबरमध्ये ते काडतूस सोडा. 'टक्' असा आवाज करत ते खाली बसलं पाहिजे, बोटाने फिरवलं तर मोकळं फिरलं पाहिजे, आणि नळी उलटी केली की आपोआप बाहेर पडलं पाहिजे. अडकलं तर बुलेट जरा बाहेर राहिली आहे किंवा तोंड पुरतं मिटलेलं नाही. काळ्या मार्करने काडतूस रंगवून पुन्हा घाला, जिथला रंग खरवडला जाईल तिथे अडचण आहे.

तोंड मिटवण्याच्या दोन पद्धतींची अदलाबदल होऊ देऊ नका. ९ एमएम आणि .४५ सारखी पिस्तुलाची काडतुसं चेंबरमध्ये पुंगळीच्या काठावर टेकतात. तो काठ आत वळवला तर काडतूस जास्त आत जातं. म्हणून तिथे नुसतं उमललेलं सरळ करायचं, टेपर क्रिम्प. ९ एमएमच्या काठाचा बाहेरचा व्यास ९.६५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बुडाशी कड असते आणि ते तिच्यावर टेकतं, त्यामुळे तिथे काठ बुलेटवरच्या खाचेत वळवता येतो, रोल क्रिम्प. नाहीतर झटक्याने पुढच्या भोकांतल्या बुलेटी पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरेनासा होतो.

शेवटी काडतुसाचं टोक टेबलाच्या लाकडी कडेवर अंगठ्याच्या जोराने दाबा आणि लांबी पुन्हा मोजा. बुलेट आत सरकली असेल तर पुंगळीची पकड सैल आहे. हे काडतूस मॅगझिनमधून वर येताना आपटेल, बुलेट आणखी आत जाईल आणि दाब भलताच चढेल. कारण बहुतेकदा एकच असतं: दुसऱ्या डायने तोंड फार उमलवलं. पकड क्रिम्पने येत नाही, पुंगळीच्या भिंतीने येते.

रेंजवर

डब्यावर चिठ्ठी लावा: तारीख, काडतूस, बुलेटचं वजन आणि प्रकार, पावडरचं नाव आणि ग्रेन, प्रायमर, पूर्ण लांबी, पुंगळीची कितवी खेप. चिठ्ठी नसलेली काडतुसं माझ्या घरी उकलली जातात, कोणाचीही असोत.

पहिली पाच एकेक करून झाडा, मॅगझिनमध्ये एकच ठेवून. कान आणि मनगट जागे ठेवा. आवाज वेगळा आला, झटका कमी लागला, तर थांबा, हत्यार रिकामं करा, नळीतून आरपार उजेड दिसतोय का बघा. प्रत्येक पुंगळी उचलून तिचा प्रायमर न्याहाळा. तो चपटा झाला असेल किंवा पिनच्या खड्ड्याभोवती पितळ वर आलं असेल तर ते जास्त दाबाचं लक्षण असू शकतं. पण पिस्तुलात ही लक्षणं भरवशाची नाहीत. ती दिसली नाहीत म्हणून सगळं ठीक आहे, असं त्यातून निघत नाही. म्हणूनच पुस्तकाच्या आकड्याबाहेर जायचं नाही.

चुकलेली काडतुसं पुलरमध्ये घालून ठोकली की बुलेट आणि पावडर वेगळी होते. पावडर ओळखीची असेल, तिच्यात कचरा गेला नसेल तरच परत वापरा. पावडरच्या डब्याचं झाकण उघडल्यावर आंबट, उग्र वास आला किंवा तांबूस वाफ दिसली तर ती पावडर सडली आहे, डबा घरात ठेवू नका.

घरी आल्यावर पुंगळ्या पुन्हा मोजा. पिस्तुलाच्या पुंगळ्यांना रायफलसारखी दर वेळी लांबी कापावी लागत नाही, पण काठावर चीर दिसली, प्रायमरचा खळगा सैल झाला, की ती संपली. मी अशी पुंगळी पक्कडीने चिमटून चपटी करतो आणि मगच भंगाराच्या डब्यात टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी ढिगातून चुकूनही माझ्याच हातात परत येत नाही.